गाळलेल्या ओळी

"बाई, मधली ओळ तुम्ही परत गाळलीत," केतकी म्हणाली.

मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. एकतीस वर्षं मी गणित शिकवलं आणि त्यात माझ्यावर हवे ते आरोप झाले. बाई खडूस आहेत, बाई फार लिहायला लावतात, बाईंच्या हातून मार्क सुटत नाहीत. पण बाई ओळ गाळतात, असं माझ्या कट्टर शत्रूनंही कधी म्हटलं नसतं. पोरं माझी नक्कल करायची तीच मुळी त्यावरून. एक ओळ लिहायची, ती मोठ्यानं वाचायची, पुन्हा वाचायची, मग पुढची. आणि ही तेरा वर्षांची मुलगी, जिनं शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, ती गेले अडीच आठवडे मला रोज एकदा तरी हेच ऐकवत होती.

कुठली ओळ, मी विचारलं.

"कंस सोडवायची. तुम्ही कंस लिहिलात आणि एकदम तीन क्ष वजा सात आलं. बारा कुठं गेले? पाच कुठं गेले?"

मी फळ्यापुढून बाजूला झाले आणि खडूनं फळ्यावर ठोकलं. "ही काय दुसरी ओळ? तीन क्ष वजा बारा अधिक पाच. मोठ्यानं म्हणून लिहिलीय मी."

केतकीनं फळ्याकडे पाहिलं. ती उठली, जवळ आली आणि त्या ओळीवरून तिनं बोट फिरवलं. बोटाला खडू लागला, तो तिनं निरखून पाहिला. तिच्या तोंडावरचा रंग माझ्यादेखत उतरला.

"ही मघाशी नव्हती," ती म्हणाली.

फळ्याचं सांगायला हवं. त्या दिवसापर्यंत माझ्याजवळ हातभर लांबीचा एक फळा होता. दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या, पुढच्या दोन लिहायच्या, असं चाललेलं. त्यामुळे केतकीनं ओळ गाळल्याचं म्हटलं की ती दाखवायला जागेवर नसायची, आणि मी चरफडत सगळं गणित पहिल्यापासून करायची. त्याच सकाळी तिच्या वडिलांनी एका जुन्या दाराला काळा रंग देऊन मोठा फळा भिंतीला टेकवून ठेवला होता. त्या दुपारी मी काहीच पुसलं नव्हतं.

हे वडील म्हणजे सुबोध ताम्हणे. पुण्यातली नोकरी सोडून, बायको मेधा आणि चार वर्षांची केतकी यांना घेऊन, आमच्या आजरा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आठ एकर जमीन घेऊन राहिलेले. मुलीला शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, हे नवराबायकोनं आधीच ठरवलेलं. आणि खोटं कशाला बोलू, शिकवलंही चांगलं होतं. केतकीला रानातल्या झाडांची नावं येत, पाण्याचा पंप खोलून पुन्हा जोडता येई, विहिरीच्या तळाचा दगड वर काढून आणण्याइतकं पोहता येई. आईनं संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ती मला अशी रंगवून सांगायची की मी गणित विसरायची. घोडं अडलं ते फक्त बीजगणितापाशी. पुढं बाहेरून दहावीला बसायचं तर ते टाळून चालणार नव्हतं, म्हणून ताम्हणे माझ्या दारात आले. मी नुकतीच निवृत्त झाले होते, घरात एकटीच होते, आणि भिंतींना शिकवण्यापेक्षा एक विद्यार्थिनी बरी म्हणून रोज त्यांच्या घरी जायला हो म्हणाले.

त्या घरात घंटा नव्हती, छडी नव्हती, रागावणं नव्हतं. एक नियम मात्र कडक होता आणि तो पहिल्याच दिवशी मला हात जोडून सांगितला गेला. केतकी बोलता बोलता थांबली, कुठंतरी बघत राहिली, तर तिला टोकायचं नाही. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. ती विचारात असते. शाळेत दर पस्तीस मिनिटांनी घंटा वाजवून मुलांची तंद्री मोडतात आणि मग जन्मभर त्यांचं कशात मन लागत नाही, असं ताम्हण्यांचं म्हणणं. या वेळांची ते एका वहीत नोंद ठेवत. लोक बाळाचे दात कधी आले ते लिहून ठेवतात ना, तशा कौतुकानं. मला हे सगळं लाडाचं वाटायचं. पण दुसऱ्याच्या घरी आपण किती बोलायचं? ती थांबली की मी फळ्याकडे वळायची आणि पुढची ओळ लिहायला घ्यायची. माझ्या बाजूनं मी नियम चोख पाळत होते.

"खरं सांगा बाई," केतकी म्हणाली. "ही तुम्ही आत्ता लिहिलीत ना?"

"आत्ता कधी लिहीन? तुझ्यासमोर तर उभी आहे."

"मग मला फसवू नका."

तिचा आवाज ऐकून माझा राग जागच्या जागी विरला. ती थट्टा करत नव्हती, कामचुकारपणाही करत नव्हती. ती भ्याली होती. मी चटईवर तिच्यासमोर बसले, गुडघे नको म्हणत असताना बसले, आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं की माझ्याशिवाय आणखी कोण कोण ओळी गाळतं.

सगळेच, ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, चटईची एक काडी उपसत तिनं सांगितलं.

"आई गोष्ट वाचते तेव्हा मधलं गाळते. राजा घोड्यावर बसलेला असतो आणि एकदम नदीपलीकडे असतो. बाबाही गाळतो. कामाला येते ती हौसाक्का तर फारच. मला वाटायचं, बोलायची रीतच तशी असते. मधलं आपण ओळखायचं. मी ओळखते ना. राजा नदीत उतरला असणार, हे कळतं. पण यात नाही ओळखता येत, बाई. तीन क्ष वजा सात कुठून आलं, ते कसं ओळखायचं?"

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हेच तिला माहीत नव्हतं. शेजारच्या बाकावर दुसरी मुलगी असती तर तिनं कधीतरी तिची वही ओढून पाहिली असती, तुला ही ओळ दिसली का म्हणून विचारलं असतं. इथं शेजारी बाकच नव्हता.

मनात आलेला पहिला विचार सांगते, तो काही फार थोर नव्हता. बीजगणित घोटून घोटून मी या पोरीचं डोकं बिघडवलं आणि आता हे माझ्यावर शेकणार, असं मला वाटलं. दुसरा विचार त्याहून वाईट होता. तो असा की हे गणितानं झालेलं नाही, फार आधीपासून आहे, आणि काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

मी तिला वही दिली, एक गणित घातलं आणि म्हटलं, मोठ्यानं म्हणत सोडव. आणि अडीच आठवड्यांत पहिल्यांदाच मी तिच्याकडे पाठ फिरवली नाही.

"पाच कंसात क्ष अधिक दोन," ती म्हणाली. "म्हणजे पाच क्ष अधिक दहा. वजा—"

आणि ती थांबली. नेहमी थांबायची तशीच. पण मी बघत होते. तिचे डोळे किंचित वर गेले आणि पापण्या बारीक थरथरू लागल्या. तोंडात काही नसताना ओठ चव घेतल्यासारखे हलले. हातातली पेन्सिल कागदावरून घसरत खाली गेली आणि मागं एक वाकडी रेघ उमटली. मी हाक मारली. नियम मोडून, पुन्हा हाक मारली. तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला, खांद्याला धरून हलवलं. खांदा गरम होता, श्वास चालू होता, आणि माझ्यासमोर कोणी नव्हतं. मी मोजत होते, ती माझी सवयच आहे. बारा झाले.

"तीन, बरोबर चार क्ष अधिक पंधरा," केतकी म्हणाली आणि लिहायला लागली. मग तिला ती रेघ दिसली. "ही कुणी मारली?"

"तू."

"नाही मारली मी."

पुढच्या वीस मिनिटांत हे आणखी तीनदा झालं. प्रत्येक वेळी ती परत आली ती थेट पुढच्या शब्दावर, मधलं सगळं ओलांडून.

आता माझी चूक सांगते. मला ताम्हण्यांशी बोलायचं होतं आणि ते मुलीसमोर बोलायचं नव्हतं. घड्याळात चारला पाच कमी होते. मी उसनं हसू आणलं आणि म्हटलं, आज पुरे, जा. ती दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"बाई, माझ्यात काही बिघडलंय का?"

"काही नाही. उद्या बघू," मी म्हणाले.

रोज चार वाजता धडा संपला की ती विहिरीवर पोहायला जाते, हे मला माहीत होतं. तीस फूट पाण्यात, एकटी, अर्धा तास. हौसाक्का त्याच सुमाराला तिथं धुणं घेऊन बसलेली असायची, पण तो आठवडी बाजाराचा दिवस होता आणि ती सकाळीच गावात गेली होती. मेधाताईही कोल्हापूरला गेल्या होत्या. हे सगळं मला माहीत होतं. त्या क्षणी यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिला स्वतःच्या तोंडानं जा म्हटलं.

ताम्हणे गोठ्यामागच्या छपरीत ठिबकच्या नळ्या जोडत बसले होते. मी म्हटलं, तुमची ती वही दाखवा. त्यांना आनंदच झाला. खिशातून त्यांनी ती लहानशी वही काढली, चष्मा वर सरकवला आणि मला शेजारी बसायला पोतं झटकून दिलं. बारीक, सुरेख अक्षरात तारखा, वेळा आणि पुढं फक्त 'वि.' म्हणजे विचारात.

"जूनमध्ये दिवसाला दोन-तीन," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये नऊ-दहा. बीजगणित सुरू झाल्यापासून तर वीसच्या वर. आज सकाळी अकरापर्यंतच सात. बाई, मी मेधाला म्हटलं, बाईंनी तिच्या डोक्याला खरं खाद्य दिलं."

मला भडभडून आलं. इतका भला माणूस आणि इतका आंधळा. पण मी कोण त्यांना आंधळा म्हणणार?

"ताम्हणे, ती विचार करत नसते."

ते समजुतीनं हसले. शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. मी त्यांचं बोलणं मध्येच तोडलं. तिला मी हाक मारली, हलवलं, असं सांगितल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"तुम्ही टोकलंत तिला?"

"चार वेळा. तिला एकदाही कळलं नाही. विचारात असलेलं माणूस हाकेला ओ देतं ताम्हणे, उशिरा का होईना देतं. ही तिथं नव्हतीच. बारा सेकंद नव्हती, आणि आपण नव्हतो हेही तिला माहीत नाही. तिला वाटतं, आपण सगळे तिच्याशी बोलताना मधली वाक्यं गाळतो."

मी केतकीची वही त्यांच्यापुढं धरली. अक्षरांतून घसरत गेलेली ती रेघ, तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी. ताम्हण्यांनी त्या रेघा पाहिल्या. मग त्यांनी आपली वही उघडली आणि मागं मागं पानं चाळत गेले. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. प्रत्येक पानावर त्यांच्याच हातचं 'वि.', 'वि.', 'वि.'. त्यांचं बोट पानावर चालेनासं झालं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वाचार."

वही त्यांच्या हातातून खाली पडली. तोंडातून शब्द निघायच्या आत ते छपरीबाहेर होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विहीर.

घरापासून विहीर दोनशे पावलं असेल. पेरूच्या ओळीतून पायवाट होती आणि तिच्यावर आडव्या नळ्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं लुगडं सावरत पळावं अशी ती वाट नव्हती. मी पळाले. दोनदा अडखळले, चप्पल कुठंतरी राहिली. माझ्या तोंडात एकच वाक्य घोळत होतं, मीच जा म्हटलं, मीच जा म्हटलं. पुढं ताम्हण्यांचा पांढरा सदरा पेरूंतून दिसेनासा झाला.

मी पोचले तेव्हा ते काठावर उभे होते. काठाच्या दगडावर केतकीचा झगा घडी करून ठेवलेला होता, त्यावर टॉवेल, शेजारी चपला जुळवून. खाली पाणी होतं. हिरवं, सपाट, त्यावर एक तरंग नाही.

मी हाक मारली नाही. ताम्हण्यांनीही हाक मारली नाही. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं, आणि तेरा वर्षं न मारलेली हाक त्यांच्या गळ्यातच अडकली असावी. त्यांनी चपलांसकट उडी घेतली.

पाणी फुटलं आणि पुन्हा मिटलं. मी मोजत होते. दुसरं काय येतं मला? वीसला ते वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली गेले. पंचवीस. पुन्हा वर, हात रिकामे, तोंड ओळखू न येणारं. तिसऱ्यांदा ते खाली गेले तेव्हा मी काठाला धरून खाली बसले. मनात म्हटलं, त्या पोरीनं मला विचारलं होतं, माझ्यात काही बिघडलंय का, आणि मी म्हटलं होतं, उद्या बघू.

"बाई," माझ्या पायाखालून आवाज आला. "बाबा काय करतोय?"

त्या विहिरीला एका अंगानं दगडी पायऱ्या होत्या. त्या भिंतीच्या आतून वळण घेऊन पाण्यापर्यंत जात आणि शेवटच्या दोन पायऱ्या काठावरून दिसत नसत, आणि ताम्हणे दोन्ही वेळा त्या बाजूला पाठ करून वर आले होते. केतकी तिथं बसली होती. पोहायचे कपडे अंगात, गुडघे पोटाशी, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. कोरडी ठणठणीत.

मी त्या पायऱ्या कशा उतरले ते मला सांगता येणार नाही. मी तिला धरलं. माझ्या तोंडून काय निघालं ते तिला कळलं नाही, मलाही नाही. ताम्हणे पुन्हा वर आले आणि त्यांना आम्ही दोघी दिसलो. ते पोहत पायरीपर्यंत आले आणि पायरीला धरून पाण्यातच राहिले.

"हाक का नाही मारलीत?" केतकीनं विचारलं. "मी इथंच होते."

ताम्हण्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"मी उतरलेच नाही आज," ती म्हणाली. "परवा मी त्या भिंतीकडून निघाले आणि मधलं पाणी नव्हतंच. एकदम नाकातोंडात पाणी होतं आणि मी खाली होते. मला वाटलं, दमलो आपण. पण मघाशी फळ्यावर ती ओळ बघितली ना, तेव्हापासून मला भीती वाटतेय. इथं येऊन बसले आणि कळलं. ओळी कुणी गाळत नाही, बाबा. मीच जाते."

"कुठं जातेस?" ताम्हण्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"माहीत नाही. पण तुला दिसतं ना, मी गेलेली? तू वहीत लिहितोस. आईलाही दिसतं." ती त्यांच्याकडे वाकली. "मग तुम्ही कुणीच मला हाक का मारत नाही?"

या माणसाकडे मुलीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. आभाळ निळं का, मुंग्या रांगेत का, माणसं भांडतात का. त्या दिवशी त्यांनी पाण्यात उभ्या उभ्या तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि ते हुंदके देऊन रडले.

पुढचं थोडक्यात सांगते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून हातात कागदी भिरभिरं दिलं आणि न थांबता फुंकायला लावलं. दीड मिनिटात भिरभिरं थांबलं आणि आईवडिलांच्या देखत ती गेली. फीटचाच हा एक प्रकार, डॉक्टर म्हणाले, यात माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसतं काही सेकंद नसतं. गणिताचा याच्याशी संबंध नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-अडीच वर्षांत ते थांबलं. ताम्हण्यांची वही डॉक्टरांनी ठेवून घेतली, इतकी नीट नोंद त्यांनी कुठल्या आईबापाकडून पाहिली नव्हती. हे ऐकून मेधाताई दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

हौसाक्काला मी नंतर एकदा विचारलं, तुला कधी काही दिसलं नव्हतं का. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला विचारल्याची लाज वाटली.

"दिसंना कशाला? पोरगी मधीच इझती, हे म्या कवाच सांगितलं ताईंस्नी. त्या हसल्या. म्हनल्या, इचार करतीया. मग काय बोलायचं मानसानं? सकाळी धुतलेलीच कापडं चार वाजता परत भिजवत बसायची मी हिरीवर, ती बाहीर येस्तवर."

आणि माझं म्हणाल, तर डॉक्टरांचं म्हणणं कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. लक्ष नाही म्हणून एकतीस वर्षांत मी किती मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, त्यांचे चेहरे मी आठवत होते. त्यांतल्या कुणाकुणाचं खरंच लक्ष नव्हतं आणि कुणाला दुसरंच काही होतं, ते मला आता कधीच कळणार नाही. मी तेव्हा फळ्याकडे बघत होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्हाला अजून काहीच ठाऊक नव्हतं. नाव ठाऊक नव्हतं, औषध आहे की नाही ते ठाऊक नव्हतं. ही पुढच्या क्षणी जाईल आणि परत येणारच नाही, असंही असू शकतं, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं. आणि विहिरीतून वर यायचं होतं. पायऱ्या अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ताम्हण्यांनी पाण्याच्या बाजूला स्वतः राहून तिचा हात धरला. मी मागं, तिच्या पाठीला हात लावून.

"केतकी," ताम्हण्यांनी हाक मारली.

ती त्यांच्या शेजारीच होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं. "ओ," ती म्हणाली.

एक पायरी चढलो. "केतकी." "ओ." आणखी एक. "केतकी." "ओ, बाबा." त्यांच्या अंगावरून पाणी गळत होतं, पण दर पायरीला ते हाक मारत होते आणि दर पायरीला ती ओ देत होती.

वळणावर आलो. "केतकी," ते म्हणाले, आणि ओ आला नाही.

आम्ही थांबलो. माझ्या हाताखालची तिची पाठ सैल पडली नव्हती, ती उभी होती, डोळे उघडे होते. ताम्हण्यांनी दुसऱ्या हातानं भिंतीतला दगड धरला आणि पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. ते मोठ्यानं मारत नव्हते. एखादं माणूस लांबच्या खोलीत असावं आणि यायला वेळ लागेल हे ठाऊक असावं, तशी ते हाक मारत होते. मी मोजत होते. विहिरीत त्या नावाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

"ओ," केतकी म्हणाली.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागं वळून माझ्याकडे. तिला कळलं.

"किती मारल्या?"

"नऊ," मी म्हणाले.

"मला एकच ऐकू आली," ती म्हणाली. "म्हणजे आठ." आजवर मधलं किती जातं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो आकडा ऐकून तिला भीती कमी वाटली की जास्त, ते मला तिच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. तिनं बापाचा ओला हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मारत राहा, बाबा," ती म्हणाली. आणि अगदी वर उन्हात येईपर्यंत ते मारत राहिले.